लाल दोऱ्याच्या पुड्या

राहेलबाईनं वाटीतलं पाणी बोटावर घेतलं, जिभेच्या टोकाला लावलं, एक डोळा मिटला आणि बाजूला थुंकली. मग वाटी जमिनीवर उपडी केली.

"विमल, थांब. आणखी एक चमचाबी देऊ नको तिला."

खुटबावच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या पडल्या होत्या. पाचटाच्या झोपड्या त्या, आत जायचं तर वाकून जावं लागे. त्यातल्या एका कोपीच्या तोंडाशी कौसाबाई नावाची बीडकडची बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर तिची आठ महिन्यांची संगी. पोरीला दोन दिवस हगवण लागली होती. टाळू बसली होती, डोळे आत गेले होते. माझी मुलगी विमल तिला मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत होती. ते पाणी पाजून पोरगी सुधारायला हवी होती. ती ओठ चाटत होती, ओकत होती आणि रडत होती, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

"पुडी कुठली फोडलीस?" राहेलबाईनं विचारलं.

विमलनं कागद पुढं केला. त्याला लाल दोरा लोंबत होता.

"ह्या पुडीत मीठ कुणी घातलं होतं?"

"मी, मावशी." विमलचे ओठ पांढरे पडले. "तुम्ही सांगितलं तेवढंच. अर्धा सपाट चमचा. शपथ घेत न्हाई, पण तेवढंच."

कौसाबाई एकदा हिच्या तोंडाकडं, एकदा तिच्या तोंडाकडं बघत होती. "काय पाजलं वं माझ्या लेकराला? काय झालं?"

मी दोन हातांच्या अंतरावर उकळलेल्या पाण्याचं पातेलं धरून उभी होते.  मीठ मी घातलं होतं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या लोकांनी राहेलबाईची आठवण लिहून द्या असं विमलला सांगितलं, आणि विमलनं ते माझ्यावर ढकललं. म्हणाली, "आई, तुझ्याइतकं त्यांच्याबद्दल कुणाला ठाऊक न्हाई." ते खरं आहे. ज्याचा हेवा वाटतो त्याच्यावर माणूस जास्त नजर ठेवतो. मी तीस वर्षं ठेवली.

शिरूरला आमच्या गल्लीत तिचं घर माझ्या घरापासून तिसरं. वडील दौंडला रेल्वेत गार्ड होते, त्यामुळं ही रेल्वेच्या चाळीत वाढली. लग्न होऊन शिरूरला आली. नवरा शाळेत मास्तर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मग ती दवाखान्यात आया म्हणून लागली आणि नर्सांच्या मागं उभी राहून बघून बघून निम्मं काम शिकली. मी चौथी शिकलेली, ती सातवी. तीन यत्तांचा फरक, पण ती अशी बोलायची की तीस यत्तांचा वाटावा.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात दोन वस्तू असत. एक बापाची गार्डाची शिट्टी, दुसरा औषधाचा छोटा चमचा. सोनं नव्हतंच, पण बायका ठुशी मिरवतात तशी ती शिट्टी मिरवायची. असं मला वाटायचं. दुसऱ्या कुणाला वाटत नव्हतं.

वर्षातून दोनदा आमच्या मंडळीतली दहाबारा माणसं सेवेला जायची. कधी वीटभट्ट्यांवर, कधी इनामगावच्या पुढं नदीकाठी मासे धरून राहणाऱ्या लोकांच्यात, कधी दौंड तालुक्यात ऊसतोडीच्या तळावर. चार-पाच दिवस राहायचं, औषधपाणी करायचं, कपडे द्यायचे, पोरांना धुवायचं, कुणी म्हणालं तर प्रार्थना करायची. राहेलबाईच्या आधी लोक जायचे ते जत्रेला जावं तसे. पेटी, ढोलकी, फराळाचे डबे. राहेलबाईच्या हातात काम आल्यावर तीन आठवडे आधीपासून तयारी सुरू झाली आणि मजा संपली.

भर दुपारी बारा वाजता देवळातून (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) घोडनदीच्या घाटापर्यंत आपापली पिशवी घेऊन चालायला लावायची. घाटावर पोचलं की शिट्टी. पिशव्या उघडा. मग एकेक वस्तू उचलून विचारायची, "हे कुणासाठी?" माझ्यासाठी असं उत्तर आलं की ती वस्तू बाहेर. स्वतःसाठी तीनच वस्तू न्यायच्या. रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जाणारी दोन तरणी माणसं आमच्यात होती. त्यातल्या एकाच्या पिशवीतून तिनं आरसा, कंगवा, पावडर, तेल असं सगळं दुकान बाहेर काढलं. तो म्हणाला, "मावशी, नीटनेटकं राहायला नको का?" ती म्हणाली, "तुला बघायला कोण बसलंय तिथं? नवरी?" सगळे हसले. मीही हसले. मग माझी पिशवी उघडली.

"उशी? ही कुणासाठी, सारजे?"

"माझ्या मानेसाठी. मान धरती माझी."

"मग मान इथंच ठेव, बाकीची तू चल."

त्यावर लोक आधीपेक्षा जास्त हसले. मी उशी नदीवरून घरी आणली आणि पाच दिवस मान धरली तरी कुणाला सांगितलं नाही.

तिचा कपड्यांचा नियम तर सगळ्या शिरूरला माहीत झाला होता. लोक जुने कपडे द्यायचे. म्हणजे काय द्यायचे, तर जे पायपुसणं करायलाही कामाचं नाही ते. राहेलबाई म्हणाली, "देणाऱ्यानं दिलेला कपडा आधी एक दिवस स्वतःच्या अंगावर घालायचा. लाज वाटली न्हाई तर गाठोड्यात." मंडळीच्या सेक्रेटरीच्या बायकोनं एक झंपर दिला होता, काखेत फाटलेला. राहेलबाईनं तो धुतला, इस्त्री केली आणि तिच्या घरी नेऊन दिला. "बाई, रविवारी उपासनेला हाच घाला." सेक्रेटरीची बायको दोन रविवार आली नाही. मग तिनं दोन नवी लुगडी पाठवली.

मी हे सांगून हसते, पण त्याच गाठोड्यात माझीही एक साडी होती. निऱ्यांत कुजलेली. राहेलबाईनं ती बाहेर काढली, बघितली आणि परत घडी घालून माझ्या पिशवीत गुपचूप सरकवली. चारचौघांत एक शब्द बोलली नाही. याचा मला जास्त राग आला. सेक्रेटरीच्या बायकोला सगळ्यांसमोर आणि मला दयेनं? मी ती साडी रविवारी नेसले. पहिल्या बाकावर बसले. निऱ्या फाटल्या त्या हातानं धरून घरी आले.  पुढच्या रविवारी तिचं एक बऱ्यापैकी लुगडं माझ्या दाराच्या कडीला अडकवलेलं होतं. मी ते गाठोड्यात देऊन टाकलं.

तयारीत ती आणखी एक करायची. नाटकासारखं एकाला घरवाला करायची आणि बाकीच्यांनी त्याच्या दारात जायचं. कसं उभं राहायचं, काय बोलायचं, घरात पाणी नसलं तर हंडा कसा मागून घ्यायचा. ती म्हणायची, "सांगायला जाऊ नका, विचारायला जा. आधी पाणी भरा, मग तोंड उघडा." एकदा तिनं मला झोपडीतली बाई केलं आणि स्वतः दारात आली.

"सलाम, बाई. बरं हाय का?"

"बरं असतं तर तुम्ही कशाला आला असता?" मी म्हणाले. "या, बघा. फुकटचं बघायला काय जातंय तुमचं?"

"पाणी आणून देऊ का?"

"कालबी एक आली होती तुमच्यासारखी. गळ्यात लटकवून. पोरं न्हाईत, बाळं न्हाईत, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत हिंडायचं. स्वतःच्या चुलीपाशी कुणी बसत न्हाई म्हणून लोकांच्या चुलीपाशी बसायचं!"

मागं कुणीतरी "अगं आई गं" असं पुटपुटलं. मी पुढं चालूच ठेवलं. त्या दिवशी मी दोन वर्षांचं बोलून घेतलं. राहेलबाई हंडा धरून तशीच उभी. माझं संपल्यावर ती लोकांकडं वळली. "बघितलं? असंच बोलतील. याच्याहून वाईट बोलतील. तवा असंच उभं राहायचं, हंडा खाली ठेवायचा न्हाई. सारजेनं लई चांगलं केलं."

म्हणजे मी मनातलं विष ओकले आणि तिनं त्याचा धडा केला. अशा बाईशी भांडायचं कसं?

तिच्यात खोट नव्हती असं नाही. मशेरी लावायची. मंडळीतल्या बाईनं तंबाखूची मशेरी लावायची म्हणजे काय? मी एकदा विहिरीवर सगळ्यांसमोर विचारलं. ती चूळ भरून म्हणाली, "लावते बाई. देवाला ठाऊक हाय, पाळकसाहेबांना ठाऊक हाय. तू तेवढी राहिली होतीस."

हे सगळं मी सोसलं असतं. स्वयंपाकात ती माझ्या पासंगाला पुरत नव्हती. शंभर माणसांची आमटी मी हाताच्या मापानं करायचे, कधी मीठ कमी नाही, जास्त नाही. मंडळीचं कुठलंही जेवण असो, चुलीपाशी मीच. तेवढी जागा माझी होती. पण विमल तिच्याकडं गेली.

विमल तेव्हा दहावीत होती. शाळेतून आली की दप्तर माझ्याकडं आणि पाय तिच्या घराकडं. जखम कशी बांधायची, ताप कसा बघायचा, सुई कशी उकळायची. घरी आली की "राहेलमावशी म्हणाल्या" याशिवाय तोंडात दुसरं नाही. राहेलमावशी म्हणाल्या भात असा धुवायचा. माझ्या घरात मला भात धुवायला शिकवायचे! मग एके दिवशी राहेलबाई घरी आली आणि म्हणाली, "सारजे, पोरगी नर्सिंगला घाल. मी चिठ्ठी देते. हात चांगला हाय तिचा." मी म्हणाले, बघू. पोरगी माझी, हात माझ्या पोटातून आलेला, आणि तो चांगला आहे हे मला हिनं सांगायचं.

त्या वर्षी दौंड तालुक्यातल्या तळांवर हगवण-ओकारीची साथ होती. आम्ही शनिवारी निघणार होतो. गुरुवारी देवळाच्या मागच्या खोलीत मीठ-साखरेच्या पुड्या बांधायचं काम चाललं. एका पुडीला लिटरभर उकळून गार केलेलं पाणी. सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पितळी ताटात कागदाचे चौकोन मांडायचे, एकीनं साखर टाकायची, एकीनं मीठ, एकीनं पुडी बांधायची. दरवर्षी मीठ माझ्याकडं असे. त्या वर्षी राहेलबाईनं गळ्यातला चमचा काढला आणि विमलच्या हातात दिला.

"सारजे, तू साखर घे. तुझा हात मोठा हाय, ह्याला बारका हात पायजे."

सगळ्या बायकांसमोर.

संध्याकाळी राहेलबाईनं प्रत्येक ताटातली एकेक पुडी पाण्यात घालून चाखली. हा तिचा नियमच होता. "आधी आपल्या जिभेवर, मग दुसऱ्याच्या." जिभेचं टोक लावायचं, एक डोळा मिटायचा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर सगळं ताट ओतून द्यायचं. त्या दिवशी सगळी ताटं बरोबर निघाली. शेवटचं ताटही चाखलं, पण तोवर पांढरा दोरा संपला होता, म्हणून ते तसंच उघडं ठेवून वर फडकं टाकलं.

शुक्रवार उपासाचा. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे उपास-प्रार्थना करतो, संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालत नाही. बाकीचे देवळात गुडघ्यांवर होते. माझा गुडघा सुजला होता म्हणून राहेलबाई म्हणाली, तू मागच्या खोलीत बसून ते ताट बांधून टाक. मी घरून शिवणाच्या डब्यातला लाल दोरा आणला.

फडकं उचललं. कागदांवर साखर दिसत होती. मीठ दिसत नव्हतं. ते दिसणारच कसं, दोन्ही पांढरं. पण मी बघत बसले. विमलचा हात मला माहीत होता, तिच्या हाताला मीठ सुटत नाही, तिची भाजी कायम अळणी. आणि चाखलं कुणी? मशेरीनं मेलेल्या जिभेनं. लिटरभर पाण्याला अर्धा चमचा म्हणजे काय, चवही लागणार नाही. मला वाटलं, हे ताट फुकट जाणार, तळावर कुणीतरी म्हणणार, ह्यात तर मीठच नाही. मग कळेल सगळ्यांना की मीठ कुणाकडं द्यायला पाहिजे होतं.

एवढंच वाटून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मला ते नीट करायचं होतं. मीच नीट करायचं होतं. मी माझा आमटीचा चमचा घेतला आणि प्रत्येक कागदावर भरून एकेक चमचा मीठ टाकलं. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी बोट लावून चाखलं असतं. चाखल्याशिवाय मी चुलीवरचं भांडं कधी उतरवलेलं नाही. पण उपास होता. मी उपास मोडला नाही. लाल दोऱ्यानं पुड्या बांधल्या, आतून प्रार्थनेचा आवाज येत होता, त्यात आमेन म्हणाले.

आता परत त्या तळावर.

कौसाबाई विचारत होती काय पाजलं, आणि विमल कागद तसाच पुढं धरून बसली होती. राहेलबाईनं लाल दोरा बोटाला गुंडाळला. तिनं विमलकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. एखादी वस्तू जागेवर आहे का बघावं तेवढंच.

मग ती कौसाबाईपुढं खाली बसली. "आक्का, ह्या पुडीत मीठ जास्त पडलंय. चूक माझी हाय. मी चाखायची राहिले. पोरीला अंगावर घे, पाजत राहा. आत्ता दवाखान्यात न्यायचं."

"मी न्हाई येत तुमच्या संगं," कौसाबाई ओरडली. "तुम्हीच मारताय आन् तुम्हीच दवाखान्यात नेताय!"

"व्हय, शिव्या दे. टेम्पोत बसून दे. पण चल."

ती चाखायची राहिली नव्हती. गुरुवारी संध्याकाळी मी समोर होते, तिनं चाखलं होतं, डोळा मिटला होता. राहेलबाईला खोटं बोलताना मी एवढंच एकदा पाहिलं. आणि खरं सांगते, तेव्हाही मला पहिल्यांदा वाटला तो रागच. माझी चूकसुद्धा हिनं नेली.

तिनं शिट्टी फुंकली. सगळ्या कोप्यांतून आमची माणसं बाहेर आली. "लाल दोऱ्याच्या पुड्या जेवढ्या असतील तेवढ्या आणा. कुणी पाजल्यात का?" कुणी पाजल्या नव्हत्या. त्या सगळ्या तिथंच पाटाच्या कडेला खड्ड्यात पुरल्या. मग राहेलबाई, कौसाबाई आणि पोर आम्ही आलो त्या टेम्पोत बसून दौंडला सरकारी दवाखान्यात गेल्या. राहेलबाई दवाखान्याच्या फरशीवर तीन दिवस राहिली. आम्ही इकडं पांढऱ्या दोऱ्याच्या पुड्या वाटत राहिलो. विमल एकेक पुडी चाखून द्यायची. प्रत्येक लोटा. दुसऱ्या दिवशी तिची जीभ सोलवटली.

मी तिला पाणी गरम करून देत होते. तिनं विचारलं, "आई, माझा चमचा चुकला आसंल का गं?" मी म्हणाले, "काम कर."

शिरूरला परत आल्यावर मंडळीच्या कमिटीची बैठक झाली. राहेलबाईनं तिथंही तेच सांगितलं. चाखायचं राहिलं, चूक माझी. पाळकसाहेबांना पटलं नव्हतं असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं, पण ती हटली नाही. सेक्रेटरीच्या मनात झंपर अजून होताच. ठरलं असं की राहेलबाईनं आता विश्रांती घ्यावी आणि तयारीचं काम दुसऱ्या कुणी बघावं. कुणी? तर सगळ्यांत जुनी मी.

राहेलबाईनं गळ्यातला दोरा काढून माझ्या हातात दिला. शिट्टी आणि चमचा.

इतकी वर्षं मला जे पाहिजे होतं ते मला असं मिळालं. मी ती शिट्टी घरी नेऊन खुंटीला टांगली. वाजवून बघितली नाही.

विमल नर्सिंगचं बोलायची बंद झाली. राहेलबाईच्या घरी जायची बंद झाली, तोंड दाखवायला लाज वाटते म्हणाली. आणि एक झालं. स्वयंपाकात ती मीठ घालेना. डाळ, भाजी, भाकरीचं पीठ, कशातच नाही. मिठाच्या बरणीला हातच लावायची नाही. ताटात वाढलं की मी वरून मीठ घ्यायचे आणि ती माझ्या बोटांकडं बघायची. महिनाभर आम्ही असं जेवलो. एक दिवस म्हणाली, "आई, तू घेतेस ते कसं कळतं तुला, किती घ्यायचं? मला आता कळतच न्हाई."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. हे मी कुणी हळहळावं म्हणून लिहीत नाही. ठेवला एवढंच.

आमच्यात उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवानं काय केलं ते सांगायचं. लोक सांगतात, आजार बरा झाला, नोकरी लागली. त्या रविवारी मी उभी राहिले. गुडघा दुखत होता, बाकाला धरून.

"त्या पुड्यांत मीठ मी घातलं," मी म्हणाले. "उपासाच्या दिवशी. विमलनं बरोबर घातलं होतं. राहेलबाईनं चाखलं होतं, तेबी बरोबर. मी वरून घातलं. मला राहेलबाईचा हेवा वाटतो म्हणून घातलं. एवढंच." आणि बसले.

कुणी आमेन म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला.

राहेलबाई बाहेर चिंचेखाली उभी होती. मला वाटलं गळ्यात पडते की काय. ती भडकलेली होती.

"अकलेचा कांदा! सगळ्यांपुढं कशाला? पोरीला घरात सांगायचं होतंस, झालं असतं. आता माझं खोटंबी चव्हाट्यावर आलं. पाळकसाहेबांपुढं काय तोंड दाखवू मी?"

"मग कशाला बोललीस खोटं?"

"त्या टायमाला कौसाबाईला कुणावर तरी ओरडायचं होतं. तुझ्यावर ओरडली असती तर तू तिला उलटं बोलली असतीस. मी ओळखत न्हाई तुला? पोर टेम्पोत चढायच्या आधी मेली असती."

 खुंटीवरचा दोरा मी येताना पिशवीत घालून आणला होता, तो पुढं केला. तिनं गाठ सोडली, चमचा काढून घेतला आणि शिट्टी मला परत दिली. "माणसं तू हाक. मिठाला मात्र हात लावू नको."

विमल माझ्याशी पाच महिने बोलली नाही. नर्सिंगला गेली ती राहेलबाईची चिठ्ठी घेऊन, राहेलबाईच्या घरातून. टेम्पोपर्यंत पेटी राहेलबाईनं उचलली. मी माझ्या उंबऱ्यातून बघितलं. मग पुढं बोलायला लागली. आईशी किती दिवस अबोला धरणार. पण कुठलं पत्र आधी कुणाच्या घरी यायचं ते मला दिसत होतं.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही दोघींनी मिळून माणसं नेली. मी शिट्टी वाजवायची, ती चाखायची. रोज भांडलो. हेवा गेला का? नाही गेला. तो काही पाहुणा नव्हता.

शेवटी ती थकली तेव्हा दौंडला भावाच्या मुलाकडं राहायला गेली, रेल्वेच्या जुन्या चाळीजवळच. विमल तोवर दौंडलाच नोकरीला होती, ती ड्यूटी संपवून रोज तिच्याकडं जायची. मी एसटीनं गेले. मुगाचं कढण करून नेलं, फडक्यात गुंडाळून. राहेलबाई खाटेवर होती, एवढीशी झालेली. एक हात विमलच्या हातात. माझ्या मुलीनं माझा हात असा कधी धरलेला मला आठवत नाही. माझी तशी वेळ आली नाही, हेही आहे.

मी वाटी तोंडाशी नेली. तिनं मान हलवली. विमलनं बोट कढणात बुडवून तिच्या जिभेला लावलं. राहेलबाईनं एक डोळा मिटला. बराच वेळ मिटलेलाच ठेवला. मला वाटलं, झोपली.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

तीस वर्षांत माझ्या हातच्या कशाला ती पहिल्यांदाच बरोबर म्हणाली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिचा राग आला. मी वाटी विमलच्या हातात दिली आणि शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. दारातून वळून बघितलं तेव्हा ती विमलच्या हातून दुसरा घोट घेत होती. त्यानंतर आठच दिवसांत गेली.

एक सांगायचं राहिलं. लाल दोऱ्याच्या पुडीचं पाणी त्या तळावर एकाच पोरीच्या पोटात गेलं होतं. दवाखान्यात तिला तीन दिवस सलाईनची बाटली लावली होती. चौथ्या दिवशी कौसाबाई तिला कडेवर घेऊन कोपीत परत आली, आणि दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन फडात गेली. संगी जगली.